विहिरीतला बुवा

पेठजवळच्या आमच्या पाड्यावर कुणाकडे काही जन्मलं की मैनाआत्याला हाक जाते. ही माझी चुलतआत्या. पिल्लू उलटंसुलटं करून सांगते : शेळीची पाठ की बोकड, गाईची कालवड की गोऱ्हा. कोंबडीच्या पिल्लाला 'तलंग होणार' म्हणाली की तलंगच होते, कोंबडा नाही. गुरांचा कळप, पाखरांचा थवा, वानरांची टोळी, सगळं तिच्या जिभेवर. मी एकदा मुद्दाम छेडलं, "आणि कासवांचं काय गं?"

"कासव एकलं ऱ्हातं. त्याला कळप नाय."

पाणी निर्मळ राहावं म्हणून हिरामणकाकांनी आपल्या विहिरीत कासव सोडायचं ठरवलं, तेव्हा निवड तिनेच केली. आमच्याकडे विहिरीत मादी सोडत नाहीत, तिला अंडी घालायला माती लागते. तळहाताएवढं पिल्लू न्याहाळून आत्या म्हणाली, "नर हाय." तेव्हापासून तो सगळ्यांचा बुवा.

यंदा उन्हाळ्यात गाळ काढायला विहीर उपसली. बुवाला घमेल्यातून वर आणून आंब्याखाली ठेवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर घमेलं रिकामं! भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजून काढायला, पालापाचोळा पसरला होता, त्याच्या कडेला उपशाचं पाणी मुरलं होतं. तिथे कासव मागच्या पायांनी खड्डा करत होतं. एक पाय माती उचलून अलगद बाजूला ठेवायचा, मग दुसरा. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. आणि खड्ड्यात पांढरं अंडं पडलं. मग आणखी एक. नराविना ती फुटतील का, कुणास ठाऊक. इतकी वर्षं पाण्याबाहेर न आलेल्या जिवाला हे शिकवलं कुणी?

आत्या पुढे होऊन खड्ड्याशी वाकली. "मादी हाय गं. मीच हिला कोंडली."

हिरामणकाका अडून बसले. "कासवाबिगर पाणी नासंल. तू नर म्हनलीस ना मैनाक्का, मग नरच. आता पाड्याला काय सांगशील, चुकले म्हनून?"

"सांगंल. मैना चुकली म्हनून समद्यांना सांगंल. पन ही परत खाली नाय जायची."

कासवीने खड्डा बुजवल्यावर आत्याने तिला उचललं आणि तळ्यावर नेलं. काका कुरकुरत मागून आले. पाण्याकाठी आत्याने तिच्या पाठीला कुंकू लावलं, पुढ्यात मूठभर तांदूळ ठेवले.

"हे काय आता?" काका म्हणाले.

"लेकुरवाळी हाय. ओटी भरल्याबिगर कशी वाटंला लावू?"

कासवी पाण्यात दिसेनाशी झाली तरी आत्या हात जोडून उभी होती. मीही जोडले.

घरी परतताना काका दिसेनात. विहिरीजवळ येऊन बघितलं तर राबाच्या कडेचा पालापाचोळा ओढून ते लांब नेत होते.

"हितं नाय पेटवायचं यंदा," ते खाली बघतच म्हणाले. "तिची पोरं भाजतील."