सांगलीच्या बाजूनं आलेली शिट्टी

ती शिट्टी मी मारली होती. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्याच्या नावावर ती शिट्टी खपली त्या माझ्या साडूला तर मुळीच नाही.

माझ्यावर कुणाचा संशय जाणं अवघडच होतं. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. दिवसभरात माझ्या तोंडून जे निघतं ते बहुतेक 'उद्या या' एवढंच. लग्नात लोक अक्षता फेकतात, मी त्या खाली सोडतो, असं बायको चारचौघांत सांगते. ते खरं आहे.

दोन हिवाळ्यांपूर्वी शाळांची राज्य बास्केटबॉल स्पर्धा आमच्या शहरात भरली. मुलगी तेव्हा दहावीत होती आणि शाळेच्या संघातून खेळायची. पोरी एकेक सामना काढत फायनलला गेल्या आणि समोर आल्या सांगलीच्या मुली. घरच्या मैदानावर फायनल म्हटल्यावर साडूच्या अंगात आलं. त्याचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. मंडपाची पोरं, गल्लीतले शेजारी, फुलंब्रीकडचे पाहुणे आणि दोन हलगीवाले, सगळं टेम्पोत भरून तो क्रीडा संकुलावर घेऊन आला. सोबत नारळाचं पोतं होतं. ते वॉचमननं गेटवरच अडवलं.

"नारळ आत नाय चालत."

"मग जिंकल्यावर काय फोडायचं, डोकं?"

"आधी जिंका तर, मामू. फिर देखेंगे."

पोतं वॉचमनच्या खुर्चीखाली राहिलं, हलग्या आत गेल्या. का, ते त्यालाच ठाऊक.

मी कचेरीतून पोचेपर्यंत आमच्या बाजूच्या पायऱ्या भरल्या होत्या. समोर, सांगलीच्या माणसांत, एक जागा दिसली. खरं सांगायचं तर बरं वाटलं. साडूशेजारी बसलं की हात वर करावे लागतात. मी जाऊन गपचूप बसलो. शेजारी एक बाई मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डबा पुढं केला.

"घ्या की भाऊ. भडंग हाय, घरचं."

घेतलं. चुरमुऱ्यांत लसूण सढळ होता. पुन्हा घेतलं.

"ती अकरा नंबर बघा, ती माझी पोरगी," त्या म्हणाल्या. "तुमचं कोण खेळतंय?"

आजूबाजूला सगळी सांगलीची माणसं. माझी मुलगी डोळ्यांसमोर पळत होती आणि मी म्हणालो, "आमच्या ओळखीतली आहे एक."

बाई बोलक्या होत्या. डबा रिकामा होत गेला तसं मला सगळं कळत गेलं. अकरा नंबरच्या वडिलांचं म्हणणं, दहावी झाली की खेळ बंद, क्लास सुरू. मायलेकींनी मिळून त्यांच्याकडून एक कबूल करून घेतलं होतं: राज्याच्या संघात निवड झाली तर अजून दोन वर्षं खेळू द्यायचं. निवड करणारी माणसं पांढऱ्या टोप्या घालून टेबलामागं बसली होती.

"आज तिनं काय केलं तर केलं," बाई म्हणाल्या. "न्हाईतर मग हायच की फिजिक्स."

आमच्या माणसांना कबड्डी कळते. बास्केटबॉल त्यांनी कबड्डीसारखाच पाहायला घेतला. "पाय धर तिचा, पाय धर," असा सल्ला माझ्या मुलीला पाहुण्यांकडून सतत मिळत होता. तरी पहिला अर्धा भाग नीट गेला, कारण साडूनं सगळ्यांना एकच गोष्ट पढवली होती: संडासाकडच्या जाळीत बॉल पडला की आपला.

मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे साडूला माहीत नव्हतं.

सांगलीच्या मुलींनी संडासाकडच्या जाळीत बॉल टाकला आणि आमच्या पायऱ्यांवर हलगी कडाडली. दुसरा पडला, मंडपाची पोरं नाचायला लागली. तिसऱ्याला साडूनं डोक्यावरचा फेटा हवेत उडवला. कोर्टावरून माझ्या मुलीनं मावशीच्या नवऱ्याकडं जे पाहिलं ते मी समोरून पाहिलं. आणि शेजारी बाईंचे डोळे भरून आले होते.

"तुमच्याकडची माणसं लई मोठ्या मनाची हो," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरींना बी वाजवत्यात."

मी भडंग खात राहिलो.

शेवटी कुणीतरी साडूला समजावलं आणि हलग्या रुळावर आल्या. खेळ मात्र घसरत होता. शेवटचे काही सेकंद राहिले तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो आणि बॉल माझ्या मुलीकडं होता. तिनं तो नुसता खेळवत ठेवायचा होता. तेवढ्यात अकरा नंबरनं मध्ये हात घातला, बॉल काढून घेतला आणि सुटली. पुढं कुणी नव्हतं. माझी मुलगी मागं धावत होती, पण अंतर मिटणारं नव्हतं.

इथं थोडं मागं जावं लागेल. आमच्या घरात पूर्वी शेळ्या-मेंढ्या होत्या. शाळा सांभाळून मी वडिलांबरोबर फुलंब्रीकडच्या माळावर राखायला जायचो. कळपाशी बोलायचं ते शिट्टीनं. जीभ दुमडायची, दोन बोटं लावायची. चला म्हणायची शिट्टी लांब, वळा म्हणायची दुहेरी. आणि एखादी शेळी दुसऱ्याच्या हरभऱ्याकडं सुटली, तर एक आखूड शिट्टी, वर चढून तुटणारी. ती कानावर पडली की शेळी आहे तिथं थांबते आणि मान वळवून बघते. शहरात आल्यावर, नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर मी ती शिट्टी कधी काढली नाही. कचेरीत शेळ्यांबद्दल बोलायची लाज वाटायची. मग घरीही बोलायचं राहून गेलं.

अकरा नंबर जाळीकडं निघाली आणि मला समोर हरभरा दिसला. एवढंच म्हणू शकतो. हात तोंडाशी कधी गेला ते कळलं नाही.

शिट्टी गेली. कोर्टभर गेली.

अकरा नंबर थांबली. बॉल दोन्ही हातांत धरून तिनं मान वळवली आणि पंचाकडं पाहिलं. पंचानंही स्वतःच्या शिट्टीकडं पाहिलं. माझी मुलगी जोरात येत होती, तिला थांबता आलं नाही. तिनं जाता जाता बॉल काढून घेतला आणि भोंगा वाजला.

आम्ही राज्यात पहिले.

सगळ्यांचे डोळे अजून कोर्टावरच होते. बाईंनी कानावर हात दाबला होता. "कान फुटला की माझा. कोण हो ते?"

माझ्या तोंडात त्यांचं भडंग होतं आणि दोन्ही बोटं ओली होती. मी म्हणालो, "काय की. तिकडून आली वाटतं." आणि त्याच ओल्या बोटानं समोर दाखवलं.

समोर पायरीवर साडू उभा होता. ताण आला की तो नखं खातो. त्यामुळं त्याची चार बोटं तोंडात होती.

पुढचं फार भराभर झालं. बाईंनी त्यांच्या सरांना सांगितलं, सरांनी पंचांना, आणि सगळे मिळून साडूसमोर जाऊन उभे राहिले.

"शिट्टी तुम्ही मारली?"

"मी नाय हो. मी नखं खात होतो."

"मॅच चालू असताना?"

"मग काय लग्नात खाऊ?"

पंच टेबलाजवळ बराच वेळ बोलले. मग माईकवरून सांगितलं की शिट्टी पंचांची नव्हती, खेळ थांबवलेला नव्हता, निकाल कायम राहील, आणि प्रेक्षकांनी शिस्त पाळावी. शेवटचं वाक्य कुणाला ऐकू आलं नाही, कारण मंडपाच्या पोरांनी साडूला खांद्यावर घेतलं होतं.

"काकांनी मॅच काढली, काकांनी."

"नाय रे, मी नाय," साडू वरून म्हणत होता. कोर्टाची एक फेरी होईस्तोवर तो तसं म्हणत होता. गेटवर वॉचमननं पोतं परत दिलं, नारळ फुटले, कुणीतरी साडूच्या कपाळाला गुलाल लावला. तेव्हा मी जवळ होतो. तो खालच्या आवाजात शेजाऱ्याला म्हणाला, "आता टायमिंग असतं ना एकेकाचं."

बाई निघताना मला दिसल्या. डबा पिशवीत घालत होत्या. अकरा नंबर शेजारी बसून बुटाची नाडी सोडत होती, सुटलेली पुन्हा बांधत होती. बाई मला म्हणाल्या, "खेळात चालायचंच. येतो भाऊ." मी मान हलवली.

राज्याच्या संघाची यादी लागली. माझी मुलगी त्यात होती. अकरा नंबर नव्हती. तिची निवड कदाचित एरवीही झाली नसती, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलंय. पांढऱ्या टोप्यांसमोर ती भर कोर्टावर बॉल धरून उभी राहिली होती, हे मला त्याहून नीट आठवतं.

इकडं साडूची शिट्टी वाढतच गेली. वर्षभरात ती लग्नकार्यात जेवणाआधी ऐकायची गोष्ट झाली. आधी नुसती शिट्टी होती. मग साडूनं ती मुद्दाम पंचासारखी मारली असं झालं, मग त्यानं डोळ्यांनी माझ्या मुलीला आधीच इशारा केला होता असं झालं. मी दर वेळी तिथं असतो आणि मठ्ठा पितो. एकदा कुणी त्याला विचारलं, तुमचे साडू होते का तिथं? तर माझ्याकडं बघून म्हणाला, "होते की. पण यांचा काय उपयोग? यांनी टाळी वाजवली तर डास मरायचा नाय."

गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात पोरं त्याच्या मागं लागली, वाजवूनच दाखवा. साडूनं बोटं तोंडात घातली आणि फुंकर मारली. नुसती हवा निघाली. पुन्हा मारली. समोरच्या ताटातला पापड हलला.

"पुढचा दात नवा बसवलाय," तो म्हणाला. "हवा निसटते."

पोरं हसली. माझी मुलगी हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

परतताना ती स्कूटरवर मागं बसली होती. अकरा नंबरची आणि तिची इन्स्टावर ओळख आहे, हे मला तेव्हा कळलं. "तिच्या फोटोत आता बॉल नसतो पप्पा," ती म्हणाली. "क्लासच्या बॅगा असतात." मग म्हणाली, "शिट्टी काकांच्या बाजूनं आलीच नव्हती. मी पळत होते ना, मला कळलं. ती सांगलीच्या बाजूनं आली. तुम्ही तिकडं बसला होता ना?"

गल्लीपुरतं जायचं तरी हेल्मेट घालणारा शहरात बहुधा मी एकटाच असेन. मी म्हणालो, "हेल्मेटमधून ऐकू येत नाही गं."

 घरी आल्यावर माझं हेल्मेट तिनंच खुंटीला लावलं.

म्हणून हे लिहिलं. आधी मुलीला वाचायला देणार आहे. साडूचं काय करायचं ते अजून मला सुचलेलं नाही. त्याच्याकडून ती शिट्टी परत घ्यायला माझा जीव होत नाही. पण सांगलीला जाऊन त्या मुलीला, तिच्या आईसमोर, शिट्टी मी मारली हे सांगायचं आणि माफी मागायची, एवढं माझ्याकडं बाकी आहे.