बावखलाचा अर्ज

नववी ‘ब’ला मी इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. राज्यशास्त्राला आठवड्यातून दोनच तास, तेही जेवणाच्या सुट्टीनंतरचे. पोटात भात गेलेल्या मुलांना नागरिकांची कर्तव्यं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून त्या वर्षी मला हुक्की आली की पुस्तक मिटायचं आणि मुलांना बाहेर न्यायचं. उत्साह हा माझा जुना आजार आहे. आमचे हे म्हणतात, तुला कुणी सांगितलेलं नसतं तेव्हाच तू सगळ्यात जास्त काम करतेस.

शाळेपासून दहा मिनिटांवर, गावातल्या बागायती वाड्यांच्या मधोमध एक बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीला पाणी द्यायला पूर्वी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. केळी, पानवेली, सगळं त्यावर जगायचं. मी एव्हरशाईन कॉलनीतल्या फ्लॅटात राहणारी, मूळची कराडकडची. मला हा शब्दसुद्धा मुलांनीच शिकवला. आम्ही गेलो तेव्हा एका बाजूने त्यात डंपरने भराव पडायला लागला होता. फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे, प्लास्टर. मुलांनी बांबू घालून पाण्याची खोली मोजली, शेजारच्या चार घरांत विचारलं, नकाशा काढला. मग वर्गात बसून पालिकेला अर्ज लिहिला की आमच्या गावचं बावखल बुजवू नये.

अर्ज लिहिला वर्गातल्या सगळ्यात सुंदर अक्षराच्या मुलीने. त्याच गावातली, सायकलवरून येणारी, शंका विचारून माझा जीव खाणारी मुलगी. मी फळ्यावर अर्जाचा नमुना काढून दिला. प्रति, विषय, महोदय, आणि खाली प्रत्येकाचं संपूर्ण नाव, घरचा पत्ता, सही. परीक्षेत पत्ता राहिला तर मी एक गुण कापते, त्यामुळे एकानेही पत्ता सोडला नाही. सदतीस मुलं, सदतीस पत्ते. अर्ज मी पालिकेत देऊन आले. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी त्या अर्जाचे फोटो काढले आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. ‘आमचे जागरूक नागरिक’, आणि पुढे टाळ्या वाजवणारे तीन हात. कुणी ते पुढे पाठवले मला माहीत नाही. पाठवणाऱ्याने कौतुकानेच पाठवले असतील.

चौथ्या दिवशी हेडबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ बसले होते. टेबलावर सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा पुडा. भराव टाकण्याचं काम त्यांच्याकडे होतं, हे त्यांनी स्वतःच हसत सांगितलं.

“टीचर, एक नंबर काम करता तुम्ही. आजकाल असं कोण शिकवतं?” ते म्हणाले. त्यांच्या हातात माझ्या फोटोंची प्रिंट होती. एका नावाखाली पिवळी रेघ मारलेली. “ह्या मुलीचं अक्षर काय सुंदर! हिचे पप्पा आमच्याकडेच डंपरवर आहेत. मी त्यांना दाखवलं, बोललो, बघा, तुमची मुलगी किती हुशार.”

मी काहीतरी म्हणाले असेन. मला आठवत नाही. उठता उठता ते म्हणाले, “पोरं सायकलने येतात-जातात ना? रस्ता अरुंद आहे, आमच्या गाड्या सारख्या असतात. जरा जपून यायला सांगा.”

ते गेल्यावर हेडबाई पुड्याकडे बघत बसल्या. आम्ही दोघींनी त्याला हात लावला नाही. त्या म्हणाल्या, “तो काही वाईट बोलला का? काहीच बोलला नाही.” तेच तर. तक्रार करायला काही वाक्यच नव्हतं.

त्या दिवसापासून मला भीतीने धरलं. मी भित्री बाई नाही, रिक्षावाल्यांशी भर चौकात भांडते. पण ही भीती वेगळी होती, कारण ती माझ्यासाठी नव्हती. हजेरी घेताना ‘हजर’ यायला क्षणभर उशीर झाला की मी मान वर करून बाक बघायचे. शाळा सुटली की मी स्कूटरवरून त्या मुलीच्या सायकलमागून जायचे, थोडं अंतर ठेवून. मागून डंपरचा हॉर्न वाजला की स्कूटर तिच्या आणखी जवळ आणायचे. ती एकदा वळून म्हणाली, “टीचर, तुमचं घर तिकडं ना, माणिकपूरच्या पुढं?” मी म्हटलं, भाजी घ्यायची आहे. रोज कसली भाजी, हे तिने विचारलं नाही, आणि विचारण्यासारखी ती होती.

मग ती सलग दोन दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले. वाटेत काय काय बघायला मिळेल याची चित्रं मी मनाशी रंगवली होती, ती इथे लिहीत नाही. मुलगी ओट्यावर बसून चवळीच्या शेंगा मोडत होती. धडधाकट. मला रडूच आलं, ते मी खोकल्यात लपवलं.

आतल्या खोलीत तिचे पप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुपारी साडेबाराला, कामाच्या दिवशी. तिची आई माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“पानी घ्या, टीचर. यांच्याकडनं गाडीची चावी काढून घेतली. कोन काय बोललं नाय. चावी तेवढी घेतली.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “पोरीला ते काय बोलत नाय, हेच वाईट. मारलं असतं तर बरं झालं असतं. तेवढा अर्ज मागं घ्या. ती कोनाचं ऐकनार नाय, तुमचंच ऐकंल.”

मी हो म्हटलं. विचार करायला वेळसुद्धा घेतला नाही.

पालिकेच्या कार्यालयात मी आधी शहाणपणा करून बघितला. मुलांचा अर्ज परत घेते, त्याच मजकुराचा माझ्या एकटीच्या नावाने देते, असं खिडकीतल्या बाबूला सांगितलं. सरळ माणूस होता. म्हणाला, “मॅडम, आवक नंबर पडलाय. मागे घ्यायचा तर अर्जदारांचं पत्र लागेल. सगळ्यांच्या सह्या आणि कारण.” माझ्या नावाचा अर्ज मी पर्समधून बाहेर काढला होता. त्यावर माझाही पत्ता होता. घरी माझी सातवीतली मुलगी मी शाळेतून येईपर्यंत एकटी असते. मी तो अर्ज घडी करून पुन्हा पर्समध्ये ठेवला. हे मी आजपर्यंत घरातही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली, तिच्या आईने पाठवली. राज्यशास्त्राच्या तासाला मी तिलाच लिहायला बसवलं, कारण मागचं अक्षर आणि हे अक्षर एक असलेलं बरं, असं मला वाटलं. मी मजकूर सांगायला लागले. आमच्या गैरसमजातून सदर अर्ज दिला गेला होता, तरी तो मागे घेण्याची परवानगी मिळावी.

तिचं पेन थांबलं. “टीचर, गैरसमज कोनता?”

मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

“पानी तर आपन मोजलेलं ना? बांबू बुडलेला. मग गैरसमज कोनता?”

मला सांगता आलं असतं की गैरसमज नाही, टीचर घाबरल्या आहेत. एवढं एक वाक्य त्या मुलांना देणं लागत होते मी. पण तिच्या घरात पडून असलेला माणूस आणि माझ्या घरात एकटी असलेली मुलगी, दोघं एकदम डोळ्यांपुढे आली, आणि मी खेकसले, “लिही म्हटलं ना!”

तिने लिहिलं. सदतीस जणांनी सह्या केल्या. पत्ता घालायचा का, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी घातला.

पुढच्या सोमवारी हजेरी झाल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, “पप्पांना चावी मिळाली, टीचर.”

“छान झालं गं,” मी म्हटलं. खरंच सुटल्यासारखं वाटलं मला.

“पहिली खेप बावखलातच टाकायला लावली,” ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.