अव्वा म्हणणारी लेक

साडीच्या दुकानात दिवसभर घड्या उलगडायच्या आणि पुन्हा घालायच्या, याचा कळंब्याच्या पूर्णिमाला कधी कंटाळा आला नाही. पण संध्याकाळी लेकीला न्यायला शेजारच्या शांतव्वाच्या दारात जायचं तिच्या जिवावर येई. नवरा ट्रकवर, म्हणून दीड वर्षाची राजनंदिनी दिवसभर शांतव्वाकडंच असायची. पोर अजून बोलत नव्हती. बोलली त्या दिवशी शांतव्वाचा पदर धरून म्हणाली, "अव्वा."

शांतव्वा निपाणीकडची. तिकडं अव्वा म्हणजे आई, हे पूर्णिमाला ठाऊक होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"शांतव्वा, उद्यापास्नं पोरगी माझ्याजवळच ऱ्हाईल," ती म्हणाली आणि तिनं आठ दिवसांची रजा काढली.

घरी लेकीला पुढ्यात बसवलं. "आई म्हण. म्हण की! आ-ई." पोर तोंड फिरवी. मोबाइलवर गाणी लावली, तर त्यातच डोळे घालून गप्प. पाचव्या दिवशी ती भिंतीपलीकडं बोट दाखवून हमसून हमसून रडू लागली. या बाईनं चेटूकच केलंय, असं म्हणत चडफडतच पूर्णिमा तिला घेऊन गेली.

शांतव्वा शेंगा फोडत बसली होती. पोर तिच्या मांडीला टेकली, एक शेंग उचलून म्हणाली, "बाबाबू."

शांतव्वाचा हात थांबला. "व्हय? शेंग गावली? मग?" आणि ती पोरीच्या तोंडाकडं बघत गप्प राहिली. जरा वेळानं पोर आणखी काहीबाही बोलली. शांतव्वानं त्यालाही उत्तर दिलं. उंबऱ्यात उभ्या पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं.

"माझ्यासंगं का बोलत न्हाय ही?"

"तू परीक्षा घेतीस तिची," शांतव्वा म्हणाली. "ती काय म्हणती, ते कधी ऐकलंस?"

झोंबलं. तरी त्या दिवसापासून भाकरी थापताना, आंघोळ घालताना पूर्णिमा लेकीशी बोलू लागली. बोलून थांबायची. ते थांबणंच भारी अवघड. रजा संपली, पोर पुन्हा शेजारी जाऊ लागली. दोघींना हसताना पाहिलं की पूर्णिमा अजूनही लेकीला झटकन कडेवर घेऊन घराकडं वळायची.

महिन्याभरानं परातीत हात घालून पोर म्हणाली, "आई, पीथ."

पुढं आणखी काही येतंय का, म्हणून पूर्णिमानं श्वास रोखला. मग पिठानं भरल्या हातांनीच तिला उचलून घेतलं.

शांतव्वाला मात्र ही गोष्ट तिनं चार दिवस सांगितली नाही.