मेरेनलाच्या सायकलची घंटी

सोनवणेकाका झोपेतच गेले. शनिवारी दुपारी अंत्यसंस्कार उरकून आम्ही परतलो, तेव्हा पिंपळे सौदागरच्या आमच्या सायकल ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'उद्याची राइड रद्द.' खाली मेरेनलाचं उत्तर आलं, 'काकांना खाडा चालत नसे.' खाडा हा कारखान्यातला शब्द तिने काकांकडूनच उचललेला. राइड झाली.

काका निवृत्त फिटर. पिंपरीच्या वस्तीतून भोसरीच्या कंपनीत तीस वर्षं काळ्या सायकलवरून गेले. मुलाने सोसायटीत फ्लॅट घेतला, तेव्हा तीच सायकल घेऊन आमच्यात आले. आम्ही हेल्मेट आणि तंग चड्ड्यांत. ते पांढऱ्या शर्टात, पँटच्या पायाला क्लिप लावून. गेल्या वर्षी चाकणजवळच्या निघोजे गावात आमच्यावर ढेकळं येऊ लागली. एका रविवारी मेरेनलाच्या खांद्यावर ढेकूळ बसलं आणि मागून हाक आली, 'ए चिनी!' ती नागालँडची, चाकणच्या कंपनीत इंजिनिअर. तिने यायचं थांबवलं, सायकल विकायला काढली. पोलिसांतल्या तक्रारीचा मसुदा मी लिहिला. काका म्हणाले, "आधी विचारून तर येऊ."

"व्हय, म्याच मारलं," निघोज्याचा टपरीवाला बाळू म्हणाला. "मागनं येत्यात न् 'साइड, साइड' वरडत्यात. आमी काय म्हसरं हाय? जमिनी गेल्या, आता रस्ता बी सोडायचा?"

"आणि चिनी कशापायी?"

"तोंडावरनं वाटलं."

"माझ्या जातीवरनं लोक काय काय म्हणायचे, सांगू तुला?" काकांचा आवाज चढला नाही. बाळूने चहा पुढे केला. "नाव काय तिचं?"

"मेरेनला."

"मेरेनला काय?"

"नावच मेरेनला. बोलवायचं झालं, तर मेरेनलाला."

"दोन 'ला' लागत्यात व्हय?" बाळूला हसू फुटलं.

परतताना काका आमच्याकडे वळून सांगू लागले. कंपनीच्या रस्त्यावर पुढच्याला ओलांडताना दोनदा घंटी द्यायची रीत. मागून ओरडायचा तो फक्त मुकादम. आमच्या एकाही सायकलला घंटी नव्हती. काकांनी पिंपरीतून घंट्या आणल्या. "वजन वाढतं, काका," कोणी म्हणालं. "पोट उतरवा, राव," काका म्हणाले. मेरेनलाच्या सायकलला मात्र त्यांनी आपली स्वतःची जुनी घंटी बसवली. म्हणाले, "सायकल विकलीस, तर ही काढून परत दे." पुढच्या रविवारी ती आली. इतक्या घंट्या ऐकून बाळू बाहेर आला. "वरात कुणाची?" मग तिच्यासमोर मान खाली घालून, "चुकलं माझं, ताई."

काका गेल्यानंतरच्या त्या रविवारी तिने टपरीपाशी दोनदा घंटी दिली. बातमी ऐकून बाळू आत वळून बायकोला म्हणाला, "मेरेनलाला चहा दे. काकांचा बी तिलाच दे."

तिने दोन्ही ग्लास संपवले. निघाल्यावर पुढे एक दूधवाला कॅन लावलेल्या सायकलवरून चालला होता. तिने दोनदा घंटी दिली. त्याने मागे न बघताच हात हलवला आणि वाट दिली.