तस्कराच्या पोवाड्यावर लेझीम

मेक्सिकोतल्या एका अफू-तस्कराच्या स्तुतिगीतावर मी आमच्या शहरातल्या अन्नपूर्णा भागातल्या बायकांना लेझीम खेळायला लावलेलं आहे, तीही गणपतीपुढे. तेव्हा मी साठीची, म्हणजे अक्कल यायच्या वयाची. पण आली होती नुसती हौस. गाणं मोबाइलवर सापडलं. ठेका असा की पाय ऐकेचनात, आणि गाणारा इतका कळवळून गात होता की मी छातीठोक सांगून टाकलं, "सुगीचं गाणं आहे." स्पॅनिशचं एक अक्षर येत नव्हतं, पण रुबाब बघा!

टाळ्या खूप पडल्या. एकटी माझी मैत्रीण रत्ना हात मांडीवर ठेवून बसली होती... रत्नाला जाऊन आता महिना होत आला. ती महूची, आजोबा फौजेत, वडील भीमजयंतीला गाणी रचणारे. मुलाच्या नोकरीपायी काही वर्षं मेक्सिकोत राहून तिथली भाषा शिकून आलेली. त्या दिवशी खेळ संपल्यावर मागे येऊन म्हणाली, "माई, कसली सुगी! तो म्हणतोय, माल मी सीमेपार नेतो आणि तोंड उघडेल त्याला वाळवंटात पुरतो. तिकडे असले लोक पैसे देऊन स्वतःवर गाणी रचून घेतात."

"अगं, पण चाल किती छान आहे!"

"चाल छानच असते. वही तो लफडा है."

तेव्हा ती हसली नाही. का, ते पुढे तिच्या स्वयंपाकघरात कळलं. तिचा धाकटा भाऊ प्रकाश मंदसौरकडे, अफूच्या शेतांच्या मुलखात, ट्रक चालवायचा. आधी कुणाची तरी पुडी पोचवली, मग स्वतःच पावडर ओढायला लागला, आणि त्यातच गेला. घरच्यांनी सगळ्यांना 'हार्ट' सांगितलं, फोटो उतरवला, नाव घेणं बंद केलं. त्याची बायको विमलसुद्धा 'हार्ट'च सांगत राहिली. रत्नाने मात्र वडिलांच्या चालीवर त्याचं गाणं रचलं. म्हणायची, "तिकडच्या गाण्यात माणसाचं नाव, गाव, मरण सगळं येतं. रीत मी तीच घेतली, माणूस बदलला." ती गायची, मी ताटलीवर ठेका धरायचे. बाहेर गायची घरच्यांकडून मनाई.

दवाखान्यात तिने माझा हात धरला. "माझ्या पुण्यानुमोदनाला भाषणं नकोत. प्रकाशचं गाणं तू म्हण."

तिच्या त्या श्रद्धांजलीच्या सभेत बुद्धवंदना झाली आणि मी उठले, तर तिचे थोरले भाऊ आडवे आले. "माईजी, समाज बसलाय. गाणं म्हणा, बस नाव मत लो."

"नाव गाळलं तर मागे चाल उरते, भिया. तेवढ्यावर मी एकदा नाचून बसलेय."

आणि म्हटलं. गल्लीच्या वळणावर तो कसा हॉर्न वाजवायचा, ते म्हटलं. शेवटी अंगाला कसा काटा यायचा, आईचं मंगळसूत्र पुडीपायी कसं विकलं गेलं, त्याला पुडी देणाऱ्याच्या गळ्यात चौकात कसे हार पडले, तेही. सूर दोनदा घसरला, ठेका सुटला, कुणी उठून गेलं... थांबले नाही. प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्याचं नाव येतं. दर वेळी मोठ्याने घेतलं. पुढेही घेणार आहे, जिथे बोलावतील तिथे, आणि न बोलावता आमच्याकडच्या परदेशीपुरा वस्तीतल्या त्या पोरांपुढेही, जी गुंडांच्या गाण्यांवर रील बनवतात.

लोक पांगले तेव्हा विमल भिंतीपासून उठली. माझ्याजवळ येऊन, पदर सावरत म्हणाली, "माईजी, सूर तर पार गेला तुमचा. पण ते हॉर्नवालं कडवं एकदा और म्हणा ना... यांच्या नावासकट."