पहिल्या पावाचं टोक

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. बेकरीवाले लांब दांड्याच्या फळीने भट्टीतून पहिला पाव काढतात, उलटा करून बुडाला टिचकी मारतात. पोकळ आवाज आला, म्हणजे झाला. मग त्याचं टोक कापून काउंटरवरच्या बायकोला देतात आणि समोरच उभे राहतात.

"अहो, असं टक लावून बघू नका. घास अडकेल माझा."

"कड कशी झालीय?"

"छान."

"छान म्हणजे? कुरकुरीत की कडक?"

"कुरकुरीत. आत मऊ. झालं समाधान?"

एकतीस वर्षं या टोकाचे दोन वाटे व्हायचे. गेले सात महिने ते सगळं तिचं आहे.

बेकरीवाल्यांच्या छातीतली जळजळ जुनी. जेवून लगेच आडवं व्हायचं, पहाटे कणीक मळायला वाकायचं, की आंबट पाणी घशाशी. औषध हाताशीच होतं : खायच्या सोड्याचा डबा. चमचाभर सोडा, ग्लासभर पाणी, एक दणदणीत ढेकर आणि पुन्हा काम.

"लोक केकात चिमूटभर घालतात," बायको म्हणते, "यांनी डबेच्या डबे रिचवले. फुगले मात्र कधी नाहीत."

पाव घशाखाली उतरेना, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून अन्ननलिका पाहिली. सोड्याने जळजळ तेवढी शमत होती. आम्ल वर येतच राहिलं. नळी आतून भाजली, भरली, पुन्हा भाजली. व्रणांनी आक्रसून वाट करंगळीहून बारीक झाली होती. खालच्या टोकाच्या पेशीही बदलू लागल्या होत्या. कर्करोग नव्हता, पण आता नियमित तपासणी चुकणार नाही.

"आधी का नाही आलात?"

"आधी गिळता येत होतं."

रोज उपाशीपोटी गोळी सुरू झाली. मागच्या महिन्यात नळीत छोटा फुगा फुगवून ती थोडी रुंद केली. दुधात भिजवलेला पावाचा गर आता उतरतो, कड नाही. आणखी एकदा रुंद केल्यावर बारीक तुकडा नीट चावून खाऊन बघा, असं बाई म्हणाल्या.

"भट्टीतून काढलेला, गरम?"

"कोमट. आणि जमेलच असं सांगत नाही."

घरी येताना त्यांनी बायकोला फक्त 'कोमट' एवढंच सांगितलं.

उद्या सकाळी आठला नळी दुसऱ्यांदा रुंद करायची आहे. भट्टी मेहुणा सांभाळेल. विक्री साडेसहालाच सुरू होईल. बायको सोबत जाणार, म्हणून काउंटर दुपारी बारापर्यंत बंद राहील, पाव मागच्या दाराने मिळेल.