हजार लिटरची टाकी

सांगा पावणं, पाण्याची टाकी घेताना तुम्ही भरवसा कुणावर ठेवता? स्टिकरवरच्या आकड्यावर, की विकणाऱ्याच्या तोंडावर? माझ्या दुकानात दोन्ही मिळतात. टाक्या विकून तीस वर्षं होत आली. शिक्षण सातवी, ‘कपॅसिटी’ हा शब्द मी टाक्यांवरच वाचायला शिकलो. त्या एका शब्दाभोवती इतके किस्से साठलेत, की सुरू करताना हसतो आणि संपवताना मान वर होत नाही.

आमचा टेम्पोवाला बाबू. टेम्पोत टाक्या बसतात चार, हा बांधतो सहा. एका गिऱ्हाइकानं हटकलं, “अरं, गाडीची कपॅसिटी चारची न्हवं?”

“गाडीची चारचीच हाय की. दोरीची सहाची हाय.”

उचगावजवळ एक टाकी सुटली आणि मोटारसायकलवाल्यापुढं गडगडत गेली. बिचारा पडला, गुडघा फुटला. बाबू खाली उतरून त्यालाच म्हणतो, “पावणं, तिकडं हायसाच तर बघा की, टाकीला चीर गेली काय?”

आठवडाभर मी हे हसत सांगत होतो. एक खेप वाचव, सहा बांध, असं सांगणारा मीच होतो, तेवढं गाळून.

मग एक रिटायर गुरुजी आले. घरात नवरा-बायको दोघंच. पाचशेची पुरली असती. मी हजारची गळ्यात मारली. म्हटलं, पाहुणे आले तर? पाहुणे काही आले नाहीत. महिन्याभरात टाकीच्या वजनानं न्हाणीची भिंत मात्र तडकली.

मी सांगितलं, “गुरुजी, गॅरंटी टाकीची असते. भिंतीची न्हाय.”

गुरुजी आवाज न चढवता म्हणाले, “भिंतीची कपॅसिटी तुम्ही विचारली न्हाय. पण चूक माझीबी हाय. किती मोठी घेऊ, हे मी विकणाऱ्यालाच विचारलं.”

पुढं एक एजंट नव्या कंपनीच्या टाक्या स्वस्तात टाकून गेला. मला शंका आली. वीस लिटरचा जार घेतला आणि एक टाकी भरून बघितली. पंचेचाळीस जार झाले आणि पाणी तोंडातून सांडलं. हजारच्या स्टिकरखाली नऊशे लिटर! लगेच फोन लावला.

एजंट म्हणाला, “शेठ, तीस वर्षांत एक तरी गिऱ्हाईक टाकी मोजायला आलंय काय?”

आलं नव्हतं. टाक्या मी परत पाठवल्या नाहीत.

त्या वर्षी पूर आला. शिरोळकडच्या एका शाळेत पन्नास कुटुंबं उतरली होती. मी त्या एजंटच्या टाक्यांतलीच एक दान दिली. तिथल्या क्लार्कनं कागद पुढं केला, “कुठल्या कपॅसिटीत सही करताय?” मला कळेना. त्यानंच फोड करून सांगितलं, “म्हणजे, कोण म्हणून?”

“दाता लिहा,” मी म्हटलं. गळ्यात हार पडला.

पाणीवाटप अंगणवाडीच्या सुनीताताईंकडं होतं. टँकर दिवसातून एकदाच येणार. त्यांचं गणित सरळ होतं: हजार लिटर, पन्नास घरं, घरटी एक जार. बायका रांगेत उभ्या राहिल्या. पंचेचाळीस जार भरले आणि नळ गुरगुरून थांबला. मागं पाच घरं, त्यातल्या एकीच्या कडेवर तान्हं.

“आपल्या माणसास्नी दोन-दोन दिलंस व्हय गं?” रांगेतून एकजण म्हणाली. मग सगळ्याच बोलायला लागल्या.

सुनीताताई वही घेऊन माझ्याकडं आल्या. “शेठ, टाकी हजारचीच हाय न्हवं?”

सगळी शाळा माझ्याकडं बघत होती.

“स्टिकरवर लिहिलंय की, ताई.”

“मग माझंच मोजायला चुकलं असंल.” त्यांनी स्वतःच्या घरच्या वाट्याचा भरलेला जार त्या तान्ह्याच्या आईपुढं ठेवला. मग तिथंच उभ्या उभ्या वहीत लिहिलं: पाच घरं राहिली. चूक माझी.

तुम्ही कुठं कसला हिशेब ठेवत असाल, तर एक करा. चूक ज्याची, नाव त्याचंच लिहा.